न मुरलेली रेड वाइन चाखताना या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात पुण्यात एका नातेवाइकांकडे जेवणाआधी दिंडोरीकडची, दोन वर्षांपूर्वीच्या सालाची शिराझ (त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन) उघडली गेली. बाटली सकाळपासून स्वयंपाकघरातील ओट्यावर उभी होती, ग्लास सरबतासारखे काठोकाठ भरले गेले आणि सोबत तांबड्या रश्श्याच्या वाट्या आल्या. पहिल्याच घोटाला काकांनी तोंड वाकडे केले आणि "कडूजहर आहे, बिघडलेली दिसते, उद्या दुकानात परत देऊन ये," असे सांगून ग्लास बाजूला सारला. उरलेली अर्धी बाटली मी झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीस मिनिटे आधी बाहेर काढली आणि पाव व चीजसोबत थोडी थोडी ओतली. काकांनी दोन घोट घेतले आणि विचारले, "ही कुठली? कालच्यापेक्षा पुष्कळ बरी आहे." बाटली अर्थातच तीच होती.

आदल्या दिवशी वाइनमध्ये काहीही बिघडलेले नव्हते. चुका आमच्या होत्या, आणि त्यांतील बहुतेक चुका मराठी घरांतून इतक्या नेमाने होतात की त्यांत काकांना दोष देण्यात अर्थ नाही. नाशिकमध्ये सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. म्हणजे आपल्याकडे ही पेये जेमतेम एका पिढीची आहेत आणि चांगली, पण अजून न मुरलेली रेड वाइन कशी ओळखावी हे सांगणारे घरात कोणी वडीलधारे नसते.

तुरट चवीला कडू म्हणणे

ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती आपल्या भाषेत व्हावी याचे मला विशेष आश्चर्य वाटते. रेड वाइन द्राक्षाच्या सालीसकट आंबवली जाते. त्यामुळे साल आणि बी यांतील टॅनिन हे तुरट द्रव्य तिच्यात उतरते, आणि ओकच्या पिंपात ठेवल्यास लाकडातील थोडे टॅनिनही त्यात मिसळते. हे टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा कमी होतो आणि गालांची आतली बाजू व हिरड्या एकमेकांवर घासल्यासारख्या वाटतात. ही काटेकोरपणे पाहता चवीपेक्षा स्पर्शाची जाणीव आहे. आयुर्वेदाने तिला कषाय म्हणून षड्रसांत स्वतंत्र स्थान दिले, आणि कच्चे केळे, हिरडा, सुपारी किंवा अर्धवट पिकलेले जांभूळ खाल्लेल्या कोणालाही ती समजावून सांगावी लागत नाही. तरीही ग्लास हातात आला की आपण सरसकट ‘कडू’ म्हणून मोकळे होतो.

फरक ओळखण्याची युक्ती सोपी आहे. घोट गिळल्यावर जीभ वरच्या हिरडीवरून आणि दातांच्या मागून फिरवून पाहावी. तिथे कोरडेपणा आणि खरखर जाणवली तर तो तुरटपणा. कारल्याच्या भाजीनंतर जिभेच्या मुळाशी जे रेंगाळते तसे काही उरले तर तो कडवटपणा. तरुण, म्हणजे अजून न मुरलेल्या रेड वाइनमध्ये पहिला अपेक्षितच असतो, दुसरा थोडासा असला तर चालतो.

मात्र ‘तुरट आहे’ एवढे म्हणून थांबणे हीसुद्धा अर्धी चूकच ठरते, कारण खरा प्रश्न तो तुरटपणा कशा पोताचा आहे हा असतो. मी त्यासाठी मनाशी कापडाची भाषा वापरतो. काही वाइनचे टॅनिन भरपूर असूनही मलमलीसारखे तलम असते, काहींचे खादीसारखे जाडसर पण सुखद, आणि काहींचे घोंगडीसारखे टोचणारे. द्राक्षे पुरेशी पिकण्याआधी तोडली गेली तर बीमधील हिरवट, टोचरे टॅनिन उतरते आणि ते वर्षे लोटली तरी फारसे सुधारत नाही. याउलट तलम पोताचे दाट टॅनिन हे चांगल्या तरुण वाइनचे भांडवल असते. काळाबरोबर टॅनिनचे कण एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, त्यांतील काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि वाइन मऊ होते.

इथे लोणच्याचा दाखला मला नेहमी उपयोगी पडतो. काल घातलेले कैरीचे लोणचे आज चाखले तर मीठ वेगळे लागते, मोहरी वेगळी झोंबते आणि कैरीची फोड वेगळी करकरते. मुरल्यावर ते सारे एकजीव होते. तरुण रेड वाइनमध्येही फळाची चव, आंबटपणा आणि तुरटपणा आपापल्या जागी वेगळे उभे असतात, म्हणून ‘ही मऊ आहे का’ असा प्रश्न तिला विचारणे गैर आहे. अनुभवी आजी कच्चे लोणचे चाखताना मीठ आणि तिखट पुरेसे पडले आहे का एवढेच पाहते, कारण जे मुळात घातलेलेच नाही ते मुरण्याने येत नाही. वाइनचेही तसेच आहे. तुरटपणाची लाट ओसरल्यावर तोंडात फळाची चव उरते का, आणि ती आठ-दहा सेकंद टिकते का, हे पाहावे. उरत नसेल, तर ती वाइन जुनी झाल्यावर फक्त जुनी होईल.

गोव्याच्या पोर्टची अपेक्षा ठेवणे

आपल्यापैकी अनेकांची रेड वाइनशी पहिली ओळख गोव्याच्या सहलीत घेतलेल्या पोर्ट वाइनने झालेली असते. ती मुद्दाम गोड ठेवलेली असते. शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यॉनसारख्या कोरड्या वाइनमध्ये द्राक्षातील जवळजवळ सगळी साखर आंबवण्यात अल्कोहोल होऊन गेलेली असते. तेव्हा गोडवा शोधणारी जीभ तिला ‘आंबट’ ठरवते. श्रीखंड, गुलाबजाम किंवा नुसती बडीशेप-खडीसाखर तोंडात टाकून वर असा घोट घेतला तर कोणतीही कोरडी वाइन आंबट आणि ओबडधोबड लागणारच.

खोलीच्या तापमानावर भरवसा

रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, हा सल्ला युरोपातील जुन्या, गार घरांमधून आला. तिथे खोलीचे तापमान म्हणजे सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअस. पुण्याच्या मे महिन्यातील स्वयंपाकघर त्याच्या दुप्पट तापते. त्या उष्णतेत वाइनमधील साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोलची वाफ आधी नाकात शिरते, फळाचा वास तिच्याखाली दबतो आणि घशात जळजळ होते. यावर उपाय म्हणून ग्लासात बर्फाचे खडे टाकणे ही दुसऱ्या टोकाची चूक आहे, कारण वाइन पातळ होते आणि थंडीने तुरटपणा आणखी टोकदार लागतो. थेट फ्रिजमधून काढून दिलेली, चार-पाच अंशांची रेड वाइनही याच कारणाने बंद आणि रुक्ष वाटते.

घरात राहिलेली बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी एकत्र घेऊन त्यात दहा-बारा मिनिटे बुडवावी. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचे पाणी बाटलीला सर्व बाजूंनी भिडते, म्हणून ते लवकर काम करते.

काठोकाठ भरलेला ग्लास, आणि नुसतेच उघडलेले बूच

पाहुण्याला अर्धा ग्लास देणे आपल्याला कद्रूपणाचे वाटते. पण वाइनच्या ग्लासातील रिकामी जागा वासासाठी असते. चव घेण्यासाठी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ग्लासाची क्षमता सुमारे २१५ मिलीलिटर आहे आणि त्यात वाइन ओततात फक्त ५० मिलीलिटर. घरी एक तृतीयांश भरावा, देठाशी धरावा, आधी न हलवता वास घ्यावा, मग हलकेच घुसळून पुन्हा घ्यावा. स्टीलच्या पेल्यात हे काही साधत नाही.

‘वाइनला श्वास घेऊ द्या’ असे ऐकून बूच काढून बाटली तासभर तशीच ठेवणारेही पुष्कळ आहेत. बाटलीच्या मानेतील वाइनचा पृष्ठभाग रुपयाच्या नाण्याएवढा असतो. तेवढ्यावरून हवा ती काय लागणार? भरभक्कम, तरुण रेड वाइन सरळ काचेच्या रुंद जगात ओतावी आणि तीस ते साठ मिनिटे ठेवावी. सरबताचा जग चालतो, फक्त त्याला साबणाचा वास नसावा. फार जुन्या, नाजूक झालेल्या वाइनला मात्र हा उपचार देऊ नये.

रंगावरून निकाल, आणि उसने शब्द

डोळा नाकाला किती सहज फसवतो हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधील बोर्दोच्या एका प्रयोगात दिसले. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दिये या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन आणि तीच, गंधहीन लाल रंग घातलेली, अशा दोन्ही दिल्या. लाल दिसणाऱ्या पांढऱ्या वाइनचे वर्णन विद्यार्थ्यांनी रेड वाइनच्या शब्दांत केले. म्हणून गडद रंग म्हणजे उत्तम, असे धरून चालू नये. तिरक्या धरलेल्या ग्लासाच्या कडेला जांभळी झाक दिसली तर वाइन तरुण आहे आणि विटकरी दिसली तर वयाने पुढे गेली आहे, एवढे रंगातून कळते. ग्लासाच्या भिंतीवरून ओघळणाऱ्या थेंबांकडे पाहून माना डोलावणाऱ्यांना मी अडवत नाही, पण ते ओघळ मुख्यतः अल्कोहोल आणि पाणी यांच्या पृष्ठताणातील फरकामुळे होतात. त्यांचा दर्जाशी संबंध नाही.

वासाचे वर्णन करताना न खाल्लेल्या फळांची नावे घेणे टाळावे. ब्लॅककरंट ज्याने कधी पाहिले नाही त्याने ते ओठांवर का आणावे? जांभूळ, करवंद, तुती, कोकम, मिरी, लवंग ही आपली शिदोरी पुरेशी आहे. शिराझमधील मिरीचा वास तर निव्वळ उपमा नाही: रोटंडोन नावाचे जे द्रव्य काळ्या मिरीत असते तेच या द्राक्षातही असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. त्याच अभ्यासात सुमारे वीस टक्के लोकांना ते द्रव्य जवळजवळ जाणवतच नव्हते. तेव्हा शेजाऱ्याला मिरी येते आणि आपल्याला येत नाही म्हणून ओशाळू नये. लवंगेचा वास आला तर मात्र तो द्राक्षाचा नसून ओकच्या पिंपाचा असण्याचा संभव अधिक, कारण लवंगेतील युजेनॉल भाजलेल्या ओकमध्येही असते.

तिखटाची संगत

मिरचीतील कॅप्सेसिन आणि अल्कोहोल एकमेकांची जळजळ वाढवतात, आणि त्यात तुरटपणाही खुपू लागतो. तांबड्या रश्श्याने त्या दिवशी काकांच्या तोंडात नेमके हेच केले. टॅनिनला चिकटायला लाळेऐवजी दुसरी प्रथिने मिळाली तर ते नरम लागते. म्हणून बेताच्या तिखटाचे सुके मटण, कबाब किंवा चीज तिच्याशी जुळते, आणि कोल्हापुरी बेत असेल तर तिची जोडी पांढऱ्या रश्श्याशी लावावी. एकामागून एक चार-पाच वाइन चाखायच्या असतील तर मध्ये पाव आणि पाणी घ्यावे, कारण तुरटपणा तोंडात साचत जातो. टेस्टिंगच्या खोलीत ठेवलेल्या भांड्यात घोट थुंकणे हा तिथला रीतसर शिष्टाचार आहे. आपल्याला ते अवघड वाटते, पण नाशिकहून गाडी चालवत परतायचे असणाऱ्याने त्याची सवय करून घ्यावी.

खरोखर बिघडलेली कोणती?

ओल्या पुठ्ठ्याचा, दमट गोणपाटाचा वास आला आणि फळ जणू पुसले गेले असेल, तर बुचाचा दोष आहे. तो हवेने जात नाही, अशी बाटली परत करावी. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत हा दोष फार क्वचित आढळतो, तेव्हा त्या झाकणाला स्वस्तपणाची खूण समजू नये. उकडलेल्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास मात्र घाबरण्यासारखा नाही. काचेच्या जगमध्ये ओतून जोरात घुसळल्यावर तो बहुधा उडतो. नेलपॉलिश किंवा शिरक्याचा झणका हा खरा दोष. शिजलेल्या जॅमची चव आणि वर सरकलेले बूच दिसले तर बाटली उन्हात किंवा तापलेल्या गोदामात राहिली होती असे समजावे. तळाशी चमकणारे खडे ना काचेचे असतात ना साखरेचे; ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार असून निरुपद्रवी असतात.

वय मोजतानाही एक गफलत होते. नाशिकची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात, फ्रान्सची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे लेबलावर एकच साल असले तरी नाशिकची वाइन सहा-आठ महिन्यांनी थोरली असते. शिवाय ‘जुनी तितकी चांगली’ हे थोड्याच वाइनना लागू पडते. बहुतेक रेड वाइन काही वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच केलेल्या असतात आणि आपल्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली मुरण्याऐवजी शिजते.

अमुक वाइनच्या आणखी बाटल्या घेऊन ठेवाव्यात का, हे ठरवताना मी उरलेल्या अर्ध्या बाटलीचाच कौल घेतो. ती झाकून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा चाखावी. दुसऱ्या दिवशीच फळ मावळून शिळा, कापलेल्या सफरचंदासारखा वास आला, तर उरलेल्या बाटल्या या वर्षीच उघडाव्यात. तुरटपणा बसून करवंद-जांभळाची चव अधिक मोकळी झाली असेल, तर दोन-तीन बाटल्या गार, अंधाऱ्या जागी आडव्या ठेवायला हरकत नाही. काकांच्या पसंतीस उतरलेल्या त्या शिराझच्या दोन बाटल्या माझ्याकडे सध्या अशाच आहेत, आणि ओट्यापासून शक्य तितक्या दूर.