पात्र त्याच्याच तोंडून कसं बोलवावं

लिहून झालेल्या प्रसंगातली नावं आणि 'तो म्हणाला, ती म्हणाली' खोडून टाका. उरलेले संवाद वाचून कोण बोलतंय ते ओळखू आलं, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बहुतेक पहिल्या खर्ड्यांत ओळखू येत नाही. सासू, वकील आणि रिक्षावाला तिघंही लेखकासारखीच बोलत असतात.

सुरुवात हाकेपासून करा. मराठीत पात्राला तोंड उघडायच्या आधीच समोरच्याशी नातं ठरवावं लागतं: तू की तुम्ही, अरे की अहो, नावानं की नात्यानं. एका कागदावर पात्रांची नावं आडवी आणि उभी लिहून तक्ता आखा. पाच पात्रं असतील तर २० रकाने भरावे लागतील, कारण क नं ख ला मारलेली हाक आणि ख नं क ला मारलेली हाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग दुसऱ्या रंगानं नोंदवा की ही हाक कुठल्या प्रसंगात बदलते. रोज 'तू' म्हणणारी आई रात्री बाराला दार उघडताना 'या, आलात?' म्हणाली, की ती चिडली आहे हे वेगळं लिहायची गरज नाही.

'आपण' आणि 'आम्ही' यांच्याकडे तर फारच दुर्लक्ष होतं. ऐकणाऱ्याला आत घेणारं ते 'आपण', बाहेर ठेवणारं ते 'आम्ही'. नवी सून 'आमच्याकडे आमटीत गूळ घालतात' म्हणते तेव्हा तिचं घर अजून माहेरच असतं. ती 'आपल्याकडे' कधी म्हणू लागते, हे कथेच्या कुठल्या पानावर यायचं ते आधीच ठरवून ठेवा.

यानंतर एक सराव. एकच प्रसंग घ्या आणि प्रत्येक पात्राला त्यावर फक्त एक वाक्य द्या. मुलगा उशिरा घरी आलाय. कच्चं वाक्य असं असतं: 'तू इतक्या उशिरा का आलास? आम्ही काळजी करत होतो.' हे कुणीही बोलू शकतं, म्हणून ते कुणाचंच नाही. आता पाहा:

आई: 'जेवण झाकून ठेवलंय. आमटी हवी तर गरम कर.'
बहीण: 'बाबा तीनदा गॅलरीत जाऊन आले. सांगून ठेवते.'
आजोबा: 'साडेदहाची एसटी हल्ली पावणेबाराला येते वाटतं.'

उशीर का झाला, हे तिघांपैकी कुणीही विचारलेलं नाही. प्रत्येक पात्रासाठी अशी आठ-दहा वाक्यं वेगवेगळ्या प्रसंगांवर लिहा. ती कथेत यायची नाहीत, पण पाचव्या-सहाव्या वाक्यापर्यंत त्या माणसाची सवय हाती लागते: हा प्रश्न टाळतो, ही नेहमी दुसऱ्याच्या नावावर बोलते, हे टोमण्याशिवाय बोलतच नाहीत.

बोलीभाषा वापरायची असेल तर आधी गाव ठरवा. 'न्हाय', 'व्हय', 'मले' आणि 'माका' एकाच गड्याच्या तोंडी घातले की तो कुठलाच राहत नाही. शब्दांची मोडतोड करण्यापेक्षा व्याकरण पकडा. नागपूरकडचा माणूस 'काहून' विचारतो आणि 'मी जाऊन राहिलो' म्हणतो; कोल्हापूरकडच्या कित्येक बायका स्वतःबद्दल 'मी येतो' म्हणतात. अशी तीन-चार लक्षणं पक्की करा आणि बाकी वाक्य साधं ठेवा. अख्खा संवाद उच्चाराप्रमाणे लिहिला तर वाचक अर्थ सोडून अक्षरं लावत बसतो. शिकलेल्यांना प्रमाण मराठी आणि फक्त मोलकरणीला बोली, ही वाटणीही तपासा. पुण्यातला प्राध्यापकसुद्धा घरी 'केले आहे' म्हणत नाही, 'केलंय' म्हणतो. पालुपदाचंही तसंच. 'काय समजलेत?' तीन-चार पानांत एकदा आलं तर माणूस दिसतो, दर संवादात आलं तर नक्कल वाटते.

फॅन फिक्शनमध्ये, म्हणजे दुसऱ्या लेखकाची पात्रं घेऊन आपली कथा लिहिताना, काम उलटं असतं. आवाज आधीच आहे, तो ऐकायचा असतो. शेरलॉक होम्स घेऊ. मूळ चार कादंबऱ्या आणि ५६ कथांपैकी वेगवेगळ्या काळातल्या तीन निवडा आणि त्याचे ३० संवाद हातानं उतरवून काढा. आठवणीवर विसंबू नका. 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन' हे त्याच्या नावावर खपणारं वाक्य तसंच्या तसं या साठांत कुठेही नाही. उतरवलेल्या संवादांत तीन गोष्टी शोधा: तो निष्कर्ष आधी सांगतो की कारण, समोरच्याला मध्येच तोडतो का, आणि कशाबद्दल बोलायचं टाळतो. पहिल्या भेटीत तो वॉटसनला, तुम्ही अफगाणिस्तानात होतात, एवढंच सांगतो. कसं ओळखलं ते बरंच नंतर कळतं. तुमच्या होम्सनं आधी कारणं मोजून मग निष्कर्ष काढला, तर बुद्धी तीच राहील, पण आवाज गेला.

दुसरी अडचण निवेदकाची. बहुतेक कथा वॉटसन सांगतो, म्हणजे होम्स आपल्याला वॉटसनच्या कानातून ऐकू येतो. होम्सनं स्वतः सांगितलेल्या कथा दोनच आहेत. तुमची कथा होम्सच्या तोंडून असेल तर त्या दोन आधी वाचा, आणि वॉटसनची कौतुकाची विशेषणं चुकून होम्सच्याच तोंडी आली नाहीत ना, ते बघा.

मराठीत लिहिताना पुन्हा तोच तक्ता आडवा येतो. इंग्रजीतल्या 'यू'नं हा प्रश्न सोडवलेला नाही. पहिल्या भेटीत 'तुम्ही', बेकर स्ट्रीटवर बिऱ्हाड थाटल्यावर आडनावासकट 'तू', आणि अशिलांशी कायम 'तुम्ही' ही मांडणी आम्हाला बरी वाटते. 'अरे वॉटसन' मात्र नको. त्यानं दोघं सदाशिव पेठेत येऊन बसतात.

शेवटी मोठ्यानं वाचा, शक्यतो दोघांनी मिळून. जिथे दोघांपैकी एकजण अडखळतो किंवा नकळत शब्द बदलून वाचतो, तिथे पेन्सिलीनं खूण करा. बदललेला शब्द बहुतेक वेळा लिहिलेल्यापेक्षा बरा निघतो.