रस्ता कुणाचा, ठराव कुणाचा? सोलापूर महापालिकेत काम पुढं नेताना

महापालिकेत दिलेला अर्ज सहा महिने हलत नाही, याचं सगळ्यात नेहमीचं कारण एकच असतं : ज्याच्या हातात निर्णय नाही, त्याच्या टेबलावर तो जाऊन पडलेला असतो. म्हणून पेन उचलायच्या आधी अधिकार कुणाचा आहे ते शोधा. त्यात एक दिवस गेला तरी पुढचे महिने वाचतात.

पाण्याचंच घ्या. उजनी धरण जलसंपदा विभागाचं. धरणातून पाणी कधी आणि किती सोडायचं, यावर कालवा सल्लागार समितीत निर्णय होतो. तिथं शेतीची मागणीही असते. भीमा नदीत पाणी सोडलं की औज बंधारा भरतो आणि टाकळीतून ते शहराकडं उचललं जातं. त्यामुळं 'उजनीतून पाणी सोडा' असा अर्ज महापालिकेला दिलात, तर ती फार तर तो पुढं पाठवू शकते. पण तुमच्या गल्लीत पाणी किती दिवसांआड, किती वाजता आणि किती दाबानं येतं, शेजारच्या लाइनला जास्त का मिळतं, गळती कुठं आहे, हे सगळं महापालिकेचं काम आहे. पाणीपुरवठा हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार तिचं बंधनकारक कर्तव्य आहे (पुढं नुसतं 'कलम' म्हटलं तर ते याच कायद्यातलं). तक्रार लिहिताना तारखा लिहा : १५ दिवसांत पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता आलं आणि किती मिनिटं राहिलं. 'पाणी वेळेवर येत नाही' या वाक्याला उत्तर देणं सोपं असतं, पण तारखांच्या तक्त्याला उत्तर द्यायचं तर व्हॉल्व्हचं वेळापत्रक काढावं लागतं.

रस्त्यांचंही तसंच. पुणे-हैदराबाद आणि विजापूर महामार्ग राष्ट्रीय आहेत, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडं आहेत आणि गल्लीतले महापालिकेचे. महामार्गाच्या जुन्या तुकड्याबद्दल शंका असेल, तर महापालिकेच्या झोन (विभागीय) कार्यालयाच्या अभियंत्याला एकच प्रश्न लेखी विचारा : 'हा रस्ता महापालिकेकडं हस्तांतरित झाला आहे का, असल्यास कोणत्या आदेशानं?' भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याकडं आहे. जुळे सोलापूर, शेळगी, बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव अशा १९९२ च्या हद्दवाढीतल्या भागात रस्त्याची किंवा ड्रेनेजची मागणी करण्यापूर्वी लेआउट मंजूर आहे का, ते पाहून घ्या. मंजूर नसेल तर रस्त्याची जागाच खासगी नावावर निघते आणि फाइल तिथंच थांबते. गुंठेवारी (मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेली जागा) असेल तर आधी नियमितीकरणाचा अर्ज, मग रस्त्याचा. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करता येते.

स्मार्ट सिटी हा वेगळाच प्रकार. जानेवारी २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या २० शहरांत सोलापूर निवडलं गेलं आणि कामांसाठी स्वतंत्र कंपनी उभी राहिली. ती महापालिकेचं खातं नाही. तिचे निर्णय संचालक मंडळानं घेतले, महासभेनं (सगळ्या नगरसेवकांच्या सभेनं) नाही. त्या निधीतून झालेल्या रस्त्याच्या निविदेची आणि देयकांची फाइल झोन कार्यालयात मागितली तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असंच उत्तर येणार. केंद्राच्या योजनेची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. त्यामुळं आता अर्ज करताना कंपनी आणि महापालिका दोघांकडं करा आणि देखभालीची जबाबदारी कधी, कुणाकडं दिली त्याचा कागद मागा.

महापालिकेच्या आत अधिकार कुणाचा

इथं लोकांची गफलत होते. महापौर शहराचे प्रथम नागरिक, महासभेचे अध्यक्ष. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडं आहे आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतं. महासभा धोरण ठरवते, कराचे दर ठरवते, अंदाजपत्रक मंजूर करते. १६ सदस्यांची स्थायी समिती खर्च आणि ठेके पाहते. तिचे निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त होतात, म्हणून गेल्या वर्षी तुमचा विषय समजून घेतलेले सदस्य यंदा समितीत असतीलच असं नाही. थोडक्यात, नगरसेवकांचं शिफारसपत्र जरूर घ्या, पण मूळ अर्ज आयुक्तांच्या नावे करून आवक शाखेत द्या. प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

नगरसेवकांबद्दलही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सोलापुरात १०२ नगरसेवक आणि २६ प्रभाग आहेत. २४ प्रभागांत चार-चार, दोन प्रभागांत तीन-तीन. अ, ब, क, ड या जागा निवडणुकीतल्या आरक्षणासाठी असतात. निवडून आल्यावर प्रत्येक नगरसेवक पूर्ण प्रभागाचा असतो. 'तुमची गल्ली माझ्याकडं नाही' या उत्तराला कायद्याचा आधार नाही. म्हणून पत्र चौघांच्या नावे एकच करा आणि चौघांकडूनही पोच घ्या. प्रभागाची ही रचना राज्य सरकारनं वारंवार बदलली : २०१२ ला दोन सदस्य, २०१७ ला चार, मधे एकाचा कायदा, मग तिनाचा, आणि २०२२ मध्ये पुन्हा चार. शहराच्या प्रतिनिधित्वाचा साचा दर निवडणुकीला मुंबईतून बदलतो आणि त्यावर शहराला मत विचारलं जात नाही. शहरांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा देणाऱ्या ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर तीस वर्षांनीही हे चालावं, ही गंभीर गोष्ट आहे.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. संविधानाचं कलम २४३-यू पाच वर्षांपेक्षा जास्त मुदत देत नाही. निवडणूक न्यायालयीन वादात अडकली आणि आयुक्तच प्रशासक झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं. या मधल्या काळातल्या कामाची माहिती मागताना 'महासभेचा ठराव' मागू नका, तो निघणारच नाही. 'प्रशासक म्हणून महासभेच्या किंवा स्थायी समितीच्या अधिकारात दिलेली मंजुरी, प्रशासकीय ठराव अथवा आदेश' असे शब्द वापरा. या एका शब्दाच्या फरकानं कितीतरी अर्ज निकामी झाले आहेत.

कामाची मागणी कधी करायची

तरतूद नसेल तर काम नाही. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, समिती दुरुस्त करून महासभेला देते आणि नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. मार्चमध्ये दिलेली मागणी उशिरा आलेली असते. झोनच्या अभियंत्याकडून ढोबळ खर्च काढून घेऊन नोव्हेंबर-डिसेंबरात अर्ज द्या. कराच्या दरांबद्दल म्हणणं असेल तर तेही जानेवारीतच मांडा, कारण कलम ९९ नुसार दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरतात. एक सावधगिरी : महापालिकेत बजेटलाही अंदाजपत्रक म्हणतात आणि एखाद्या कामाच्या एस्टिमेटलाही. अर्जात 'सन अमुकचे वार्षिक अंदाजपत्रक' किंवा 'अमुक कामाचे अंदाजपत्रक' असं स्पष्ट लिहा.

अंदाजपत्रक मंजूर झालं की ते मिळवा आणि आपल्या कामाचं लेखाशीर्ष (खर्चाची नोंद असलेलं शीर्षक) शोधा. त्यात नुसती टोकन म्हणजे नावापुरती रक्कम दिसली, तर काम कागदावरच आहे असं समजा आणि पाठपुरावा निधी वाढवण्यासाठी करा.

सर्वसाधारण सभेची, म्हणजेच महासभेची, सूचना किमान सात पूर्ण दिवस आधी निघते. विषयपत्रिका नगरसचिव कार्यालयात मिळते. तुमच्या विषयावर प्रस्ताव आला असेल तर सूचक-अनुमोदक कोण, मूळ प्रस्तावाला उपसूचना आली का, हे इतिवृत्तात पाहा. ठराव उपसूचनेसह मंजूर होतो तेव्हा मूळ प्रस्तावातला मजकूर पूर्ण बदललेला असू शकतो. आणि ठराव झाला म्हणजे काम झालं असं नाही : कलम ४५१ खाली राज्य सरकार ठराव निलंबित करू शकतं, पुढं विखंडितही (रद्द) करू शकतं. म्हणून 'ठरावाची अंमलबजावणी का झाली नाही' यासोबत 'तो कलम ४५१ खाली शासनाकडे पाठवला आहे का' हेही विचारा.

कागद मागताना

माहिती अधिकाराच्या अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. पाणी आणि रस्ता एकाच अर्जात टाकलेत तर तो परत येण्याला कारण मिळतं. रस्त्यासाठी मजकूर असा :

'प्रभाग क्र. __ मधील __ ते __ या रस्त्याच्या कामाबाबत दि. __ ते दि. __ या कालावधीतील प्रशासकीय मंजुरी, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अंतिम देयक आणि निविदेतील दोषदायित्व कालावधीचे कलम यांच्या छायांकित प्रती द्याव्यात.'

'का' आणि 'कधी करणार' असे प्रश्न यात घालू नका. त्यांना 'ही माहिती नाही' असं उत्तर मिळतं. सगळ्यात मोलाचे कागद म्हणजे मोजमाप पुस्तिका आणि दोषदायित्वाचं कलम. पुस्तिकेत डांबराच्या थराची जाडी आणि रस्त्याची लांबी लिहिलेली असते, टेप घेऊन ती पडताळता येते. दोषदायित्व कालावधी संपलेला नसेल तर खड्डा ठेकेदारानं स्वखर्चानं बुजवायचा असतो. तेव्हा नव्या निधीची मागणी न करता त्या कलमाचा हवाला देऊन अर्ज करा.

फाइल जाडजूड असेल तर प्रती मागण्याआधी ती प्रत्यक्ष पाहून घ्या. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतात. हवी ती पानं निश्चित करून मगच प्रती मागा, पानाला २ रुपये पडतात. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं दुसरं.

तक्रारीसाठी महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. न्यायालयातली प्रकरणं, सेवाविषयक आणि माहिती अधिकाराचे वाद तिथं घेत नाहीत.

मालमत्ता कराच्या आकारणीबद्दल मात्र लोकशाही दिनाची वाट पाहू नका. विशेष नोटिशीत दिलेल्या मुदतीत हरकत द्या आणि सुनावणीला हजर राहा. निर्णय मान्य नसेल तर कलम ४०६ खाली १५ दिवसांत न्यायाधीशांकडं अपील करता येतं, पण मागणीची रक्कम आधी भरावी लागते. ती न भरता केलेलं अपील गुणदोषांवर ऐकलंच जात नाही. महापालिकेवर दावा लावायचा झाल्यास कलम ४८७ नुसार एक महिन्याची लेखी नोटीस लागते. केवळ मनाई हुकूम हवा असेल तर ही अट लागते का, ते नोटीस धाडण्याआधी वकिलाकडून तपासून घ्या, नाहीतर त्या महिन्याभरात जेसीबी येऊन गेलेला असतो.