चाळिशीनंतर बीपी निघालं? घरच्या घरी ताब्यात कसं ठेवायचं

चाळिशी-पंचेचाळिशीत बीपी सापडतं ते बहुतेक वेळा भलत्याच कामात, इन्शुरन्सची तपासणी, कंपनीचा हेल्थ चेकअप, नाहीतर दाढ काढायला गेले आणि डेंटिस्टने सहज मोजलं. मग माणूस म्हणतो, अहो पण मला तर काहीच होत नाही, डोकं दुखत नाही, चक्कर नाही. बरोबर आहे, बीपी बहुतेकांना काहीच जाणवू देत नाही, म्हणूनच तर मोजावं लागतं. मी मेडिकल चालवतो, काउंटरवर रोज बीपीवाले येतात. कुठली गोळी किती पॉवरची ते डॉक्टर ठरवणार, त्यांच्या केबिनमधून बाहेर पडल्यावर घरी काय करायचं ते मी सांगतो.

१. मशीन घ्या, पण दंडाचं

मनगटाचं घेऊ नका, हात जरा वर-खाली झाला की आकडा बदलतो. दंडाचं डिजिटल मशीन दीड-दोन हजारात येतं. घ्यायच्या आधी शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा, कारण सोबत येणारा पट्टा बऱ्याचदा २२ ते ३२ सेंटीमीटरचा असतो आणि दंड त्याहून जाड असेल तर बीपी उगाच जास्त दाखवतं. मोठा पट्टा वेगळा मिळतो, मागून घ्या. डॉक्टरांकडे जाताना पहिल्यांदा मशीन सोबत न्या आणि त्यांच्या मशीनशी ताडून बघा.

२. नीट मोजा, इथेच सगळा घोळ असतो

लोक उन्हातून येतात, हातातली पिशवी खाली ठेवतात न ठेवतात तोच हात पुढे करतात आणि फोनवर बोलत बोलत सांगतात, बीपी बघा जरा. असा आकडा काही कामाचा नाही.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम काही नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीला टेकलेले, मांडीवर मांडी नाही, खाली मांडी घालूनही नाही. पाच मिनिटं गप्प बसा, टीव्हीवर भांडणं चालू असतील तर तो बंद करा. बाही वर सरकवून दंडाला काचत असेल तर शर्ट काढा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, शेजारी बायको किती आलं किती आलं विचारत असली तरी. एक मिनिट थांबून परत मोजा आणि दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहा.

हे सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. घरी सरासरी १३५/८५, म्हणजे वरचा आकडा १३५ किंवा खालचा ८५, किंवा त्याहून जास्त असेल तर ते बीपीच. डॉक्टरांकडे हीच रेषा १४०/९० धरतात, कारण पांढरा कोट बघूनच काहींचं चढतं. उलटंही असतं बरं का, दवाखान्यात एकदम छान आणि घरी चढलेलं, आणि असे लोक वही ठेवल्याशिवाय सापडतच नाहीत. उपचार चालू झाल्यावर तुमचं बीपी कितीच्या खाली हवं ते डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका.

आणि दिवसातून दहा वेळा मोजत बसू नका. एकदा जास्त आलं की टेन्शन, टेन्शनने अजून जास्त, मग परत मोजणं, हा खेळ रात्रभर चालतो.

३. मिठाच्या पिशवीवर तारीख टाका

जागतिक आरोग्य संघटना सांगते माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही दिवसभराचं सगळं मिळून. पण स्वयंपाक करताना कोण मोजतंय? त्यापेक्षा सोपं, एक किलोची पिशवी फोडली की त्यावर तारीख लिहा. घरात चार माणसं असतील तर ती कमीत कमी ५० दिवस पुरायला पाहिजे. महिन्यात संपत असेल तर हिशोब तुम्हीच करा, आणि त्यात फरसाण, ब्रेड, वेफर्स, हॉटेलचं अजून धरलेलंच नाही.

कमी कुठे करायचं? कणकेतलं मीठ बंद करा, भाकरीत तरी आपण कुठे घालतो. ताटात वाढायचं मीठ बंद. ताक, काकडी, पेरू यावर भुरभुरवायचं बंद. लोणचं, पापड, सुकट, खारे शेंगदाणे हे रोजचं न राहता कधीमधी. गॅस झाला की पाण्यात टाकायची ती फसफसणारी पावडर, त्यातही मिठातलं ते सोडियम भरपूर असतं. पंधरा-वीस दिवस जेवण अळणी लागेल, नंतर जिभेला सवय होते.

सैंधव खाल्लं तर चालतं ना, हा प्रश्न मला आठवड्याला कोणीतरी विचारतंच. नाही चालत, तेही सोडियम क्लोराइडच, म्हणजे मीठच, उपवासाला खा पण औषध समजून खाऊ नका. लो सोडियम मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, चांगलं आहे, पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

४. नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका

हे मी सगळ्यात जास्त वेळा बोलतो. "आता १२० आलं, म्हणून सोडली." अहो गोळी चालू आहे म्हणून १२० आलंय, गोळी सोडली की हळूहळू परत वर. मेटोप्रोलॉलसारखी गोळी तर एकदम बंद करणं धोक्याचं असतं. वजन उतरलं, मीठ कमी झालं तर डोस कमी होऊही शकतो, पण तो डॉक्टरांनी वही बघून करायचा.

गोळीची वेळ एखाद्या रोजच्या कामाला बांधा, दात घासले की गोळी. चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी डबल नाही. चतुर्थी-एकादशीला पाण्याबरोबर गोळी घेतली म्हणून उपवास मोडत नाही. अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात, रॅमिप्रिलने कोरडा खोकला येतो, उठताना चक्कर येते, असं काही झालं तर गुपचूप सोडून देण्यापेक्षा सांगा, पर्याय भरपूर आहेत.

पाच-पाच गोळ्या कापून नेणारे बरेच असतात. पैशाची अडचण समजते, पण सहावा दिवस नेमका रविवार निघतो आणि दुकान बंद, वर कापलेल्या तुकड्यावर ना नाव ना एक्स्पायरी. त्यापेक्षा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवा, तिथे बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात, किंवा जनऔषधी केंद्रात बघा, महिन्याचा खर्च बराच खाली येतो. माझं गिऱ्हाईक जाईल, जाऊ दे.

५. घरातला औषधांचा डबा उघडा

गुडघे दुखतात म्हणून रोज डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेणारे खूप आहेत, या गोळ्या बीपी वाढवतात आणि किडनीवरही ताण देतात. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनीही बीपी वाढतं. घसा बसला की जेष्ठमध चघळायची सवय असते, एखाद-दुसऱ्या दिवशी ठीक, पण रोज चघळत राहिलं तर त्यानेही बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. म्हणून कुठलंही औषध, काढा, चूर्ण घेताना आधी सांगायचं, मला बीपी आहे.

६. बाकीचं

आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, गप्पा मारता येतील पण गाणं म्हणता येणार नाही इतकं भरभर. एक किलो वजन उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो, म्हणजे पाच-सात किलोने चांगला फरक पडतो. दारू जितकी कमी तितकं बरं. तंबाखू आणि मशेरी सोडायचीच, मशेरी फक्त दाताला लावते म्हणणाऱ्या काकूंनाही हेच. घोरणं जोरात असेल आणि झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, गोळ्या घेऊनही न उतरणाऱ्या बीपीमागे कधी कधी तेच असतं. वर्षातून एकदा क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), पोटॅशियम, लघवी, शुगर, कोलेस्टेरॉल करून घ्या, ईसीजी डॉक्टर म्हणतील तेव्हा.

७. एकदम १८०/१२० आलं तर

त्रास काही नसेल तर घाबरू नका, पाच-दहा मिनिटं शांत बसून परत मोजा. तरी तितकंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. कोणाच्या सांगण्यावरून बीपी उतरवायची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवू नका, त्याने बीपी धाडकन उतरतं आणि त्यातच झटका येऊ शकतो.

पण छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय, एका बाजूचा हात-पाय उचलत नाहीये, यातलं काहीही असेल तर आकडा कितीही असो, १०८ ला फोन लावा. आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून घ्या, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो, कारण लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.