उतरताना उंचीचा आकडा कुठे चुकतो? या चुका टाळा

विमान खाली आणताना कामांची झुंबड उडते. वेग उतरवायचा, फ्रिक्वेन्सी बदलायची, चेकलिस्ट वाचायची, त्यात ऐनवेळी धावपट्टी बदलते. उंची चुकते ती याच गर्दीत, आणि मुरलेल्या पायलटांचीही चुकते.

सगळ्यांनी मिळून एकच बिघाड बघत बसणं, ही सर्वांत घातक चूक. 29 डिसेंबर 1972 च्या रात्री मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या फ्लाइट 401 मध्ये पुढचं चाक उतरल्याचा दिवा लागेना. सगळा कॉकपिट त्या दिव्यात गुंतला. ऑटोपायलटने 2000 फुटांची उंची सोडल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि विमान दलदलीत कोसळलं. म्हणून बिघाडाला हात घालण्याआधी विमान कोण सांभाळणार हे बोलून ठरवा, आणि त्याने दुसऱ्या कशात लक्ष घालू नये. 10,000 फुटांखाली अवांतर बोलणं बंद, हा अमेरिकेतला नियम 1981 चा आहे. गप्पा सहसा टळतात. कंपनीला केलेले रेडिओ कॉल मात्र ‘काम’ म्हणून खपून जातात.

ऐकलेला आकडा तपासून न पाहणं ही दुसरी चूक. 1989 मध्ये क्वालालंपूरला फ्लाइंग टायगरच्या मालवाहू 747 ला 2400 फुटांवर यायला सांगितलं होतं. इंग्रजीत ‘दोन’ (two) आणि ‘पर्यंत’ (to) यांचा उच्चार सारखाच, त्यामुळे वैमानिकांनी ‘400 पर्यंत’ असं घेतलं. त्यांनी 400 परत म्हणूनही दाखवलं, पण कुणी टोकलं नाही. विमान टेकडीवर आदळलं. नुसता रीडबॅक, म्हणजे ऐकलेला आकडा परत म्हणणं, पुरत नाही. चार्टवरच्या किमान उंचीखालचा आकडा कानावर आला तर पुन्हा विचारा. त्यात कसला कमीपणा?

ऑल्टिमीटर हवेच्या दाबावरून उंची दाखवतो, म्हणून त्यात तिथला दाब लावावा लागतो. हे दाबाचं सेटिंग जास्त फसवं, कारण चुकलं तरी यंत्र बिनचूक दिसतं. दाबातला 1 हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे जमिनीलगत उंचीत सुमारे 27 फूट. मे 2022 मध्ये पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळाकडे येणाऱ्या एका ए320 ला नियंत्रकाने 1001 ऐवजी 1011 सांगितलं. दोन्ही ऑल्टिमीटर एकमेकांशी जुळत होते, आणि दोन्ही सुमारे 280 फूट जास्त दाखवत होते. धावपट्टीच्या बऱ्याच अलीकडे विमान जमिनीपासून अवघ्या 6 फुटांवर आलं, मग कसंबसं वर गेलं. मिळालेला दाब हवामानाच्या ध्वनिमुद्रित माहितीशी ताडून बघा. दोन आकड्यांत तफावत असेल तर पुढे जाऊ नका.

ऑटोपायलटचा मोड, म्हणजे तो नेमकं काय करतोय ते, बटणावर नाही, समोरच्या डिस्प्लेवर वाचा.

ठरलेली उंची ओलांडली गेलीच, तर कारण शोधत बसू नका. ऑटोपायलट सोडा, विमान हाताने सावरा, नियंत्रकाला लगेच कळवा. टीकॅसने, म्हणजे विमानांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेने, वर किंवा खाली जायचा आदेश दिला तर नियंत्रक काहीही सांगो, टीकॅसचं ऐका. आणि ढगात किंवा अंधारात ‘पुल अप’ (जमीन जवळ आली, वर चढा) हा यंत्राचा इशारा ऐकू आला, तर शहानिशा वर चढून झाल्यावर.