वैमानिकांचा डॉक्टर व्हायचं असेल तर

केईएम, सायन, जेजे, कुठल्याही कॉलेजातल्या इंटर्नला विचारा, पीजीची यादी मेडिसिन, रेडिओ, डर्मा अशीच सुरू होते. एरोस्पेस मेडिसिन, म्हणजे उडणाऱ्यांच्या शरीराचं वैद्यकशास्त्र, त्या यादीत तळालाही नसतं. हवाई दलातून निवृत्त झाल्यापासून मी अंधेरीत वैमानिकांच्या मेडिकल तपासण्या करतो. त्यामुळे अधूनमधून कुणीतरी 'सर, या लाइनमध्ये यायचं तर काय करावं लागतं?' म्हणून दार ठोठावतंच. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

वाट कागदावर सरळ आहे. बारावीनंतर नीट देऊन पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सशस्त्र दलांचं मेडिकल कॉलेज, गाठा. तिथे नुसत्या नीटच्या मार्कांवर भागत नाही, इंग्रजी आणि तर्काची वेगळी चाचणी आणि मुलाखत असते. नाहीतर मुंबईतच एमबीबीएस आणि इंटर्नशिप उरकून सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेत शॉर्ट सर्व्हिस कमिशन घ्या. मी दुसऱ्या वाटेने गेलो. हवाई दल मिळालं म्हणून लगेच कुणी विमानाजवळ नेत नाही. आधी युनिटचा दवाखाना, जवानांच्या कुटुंबांची ओपीडी, लसीकरण, अ‍ॅम्ब्युलन्सच्या टायरची हवा. ते मन लावून करा, पुढे उपयोगी पडतं.

खरं शिक्षण बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये. 1957 पासूनची ही संस्था. एमडी तीन वर्षांची, थिसिससकट. गगनयानसाठी वैमानिकांची निवड करताना त्यांच्या तपासण्या इथेच झाल्या. आपल्या कुलाब्याच्या 'अश्विनी' रुग्णालयात नौदलाने याच्याच शेजारचं शास्त्र वाढवलंय, पाण्याखाली उतरणाऱ्यांचं. दाब वाढला की शरीराचं काय होतं ते तिथे, दाब घटला की काय होतं ते बेंगळुरूला.

हे शास्त्र डोक्यात शिरलं ते चेंबरमध्ये. लोखंडी खोलीत वैमानिक मास्क लावून बसतात. आधी शुद्ध ऑक्सिजन देऊन रक्तातला नायट्रोजन कमी करून घेतात, मग आतला दाब 25,000 फुटांवर असतो तेवढा उतरवतात. आता मास्क काढायचा आणि कागदावर शंभरातून सात-सात वजा करत जायचं. 93, 86, 79 पर्यंत अक्षर मोत्यासारखं. मग 72, 65, पुन्हा 65. ओळ कागदावर तिरकी चढायला लागते, आकडे फुगतात, नखं निळसर दिसायला लागतात. 'ठीक आहेस?' विचारलं की पठ्ठ्या अंगठा वर करून हसतो. 'मास्क लाव' म्हटलं की मान डोलावतो, हात मात्र हलत नाही. शेजारच्यालाच तो लावून द्यावा लागतो. दोन-चार श्वासांत गडी ताळ्यावर येतो आणि स्वतःचा कागद बघून म्हणतो, हे मी लिहिलंय? या उंचीवर कामाची शुद्ध टिकते ती साधारण 3 ते 5 मिनिटं. प्राणवायू कमी पडतोय हे ज्या मेंदूने ओळखायचं, तोच आधी बधिर होतो. म्हणून प्रत्येकाला आपापली लक्षणं ओळखायला शिकवतात. कुणाला मुंग्या येतात, कुणाला गरगरतं, कुणी उगाच खुशीत येतो.

दुसरं उदाहरण गणिताचं आहे, आणि मला तेच जास्त आवडतं. डोकं हृदयाच्या सुमारे 30 सेंटिमीटर वर. एवढ्या उंचीवर रक्त चढवताना 1 जीला, म्हणजे जमिनीवरच्या नेहमीच्या गुरुत्वाकर्षणाला, पाऱ्याचे 22-23 मिलिमीटर दाब खर्ची पडतो. विमान वळताना 4 जी आले की खर्च नव्वदच्या घरात, आणि हृदयापाशी सरासरी दाब असतो शंभराच्या आसपास. मेंदूपाशी उरलं काय? डोळ्याच्या आत स्वतःचा 15-20 मिलिमीटर दाब असतो, त्यामुळे नजर आधी जाते. कडा करड्या होतात, मग काळोख, शुद्ध हरपते ती त्यानंतर. आजची लढाऊ विमानं 9 जीपर्यंत वळतात. तिथे टिकायचं तर पाय-पोट दाबून धरणारा जी-सूट हवा, स्वतःही पाय-पोट आवळून धरायला हवं आणि दर तीनेक सेकंदांनी झटक्यात श्वास बदलायला हवा. फर्स्ट इयरला फिजिऑलॉजी कंटाळवाणी वाटली असेल तर ती पुन्हा उघडा, इथे तीच रोजची भाकरी आहे.

एवढं सगळं पुस्तकातून शिकता येतं. जे येत नाही ते असं: तुमचा पेशंट ठणठणीत असतो आणि तुमच्यापासून लपवत असतो. एरवी पेशंट डॉक्टरकडे काहीतरी मिळवायला येतो. वैमानिक येतो तेव्हा त्याच्याकडे गमवायला असतं. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीचा दर्जा, खाली गेली की फ्लाइंग बंद. म्हणून दवाखान्यात बसून राहू नका. स्क्वाड्रनच्या क्रू रूममध्ये चहाला जा, ब्रीफिंगला मागे उभे राहा. 'सर्दी आहे का?' या प्रश्नाला उत्तर नेहमी 'नाही'च असतं. 'काल उतरताना कानाला दडे बसले होते का?' असं विचारा, मग गडी बोलतो. आणि तीन दिवसांसाठी खाली ठेवलंत तर चौथ्या दिवशी स्वतःहून तपासून वर सोडा. तुमच्याकडे आलं की विनाकारण लटकतं असं एकदा पसरलं, की पुढची पोस्टिंग येईपर्यंत कुणी खरं सांगणार नाही.

संशोधनात हाच विश्वास दुपटीने लागतो. 10 डिसेंबर 1954 रोजी अमेरिकी हवाई दलाचा डॉक्टर जॉन स्टॅप रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतः बसला, ताशी हजारेक किलोमीटर वेगाने गेला आणि थांबताना 46 जी सोसले. आपल्याकडे त्याचं कौतुक फार होतं. पण 1942 मध्ये दाखाउच्या छळछावणीत कमी दाबाच्या चेंबरमध्ये कैद्यांवर प्रयोग झाले, तेही याच शास्त्राच्या नावाने. त्यानंतरच्या खटल्यातून 1947 ची न्युरेंबर्ग संहिता आली. फौजेत 'स्वेच्छेने' हा मोठा अवघड प्रकार आहे. विंग कमांडरने 'कोण तयार आहे?' विचारलं तर फ्लाइंग ऑफिसर 'नाही' कसं म्हणणार? संमतीपत्र घेताना वरिष्ठाला खोलीबाहेर ठेवा. एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर ही ओळ नसली तरीही.

पैशाचं म्हणाल तर डर्मावाल्या मित्राशी बरोबरी करू नका. बदल्या होतात, जोडीदाराच्या नोकरीची ओढाताण होते, आणि वॉर्डातल्या कामाचा सराव थोडा सुटतो हेही खरं. निवृत्तीनंतर मुंबईत मात्र काम मिळतं. व्यावसायिक वैमानिकांना डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, क्लास वन मेडिकल लागतेच. जुहूवरून समुद्रातल्या तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरं जातात, त्यांच्या पायलटांची कंबर हा संशोधनाचा विषय तर दारातच पडलाय. दोन्ही हात-पाय कंट्रोल्सवर, पाठ पुढे झुकलेली, खाली सतत थरथर. थिसिसला विषय शोधत असाल तर आधी यातल्या चार जणांशी बोलून बघा. आणि इंटर्नशिपमध्ये ईएनटी आणि डोळ्यांची पोस्टिंग दांडी मारून काढू नका.