इंका ट्रेलवर जाताय? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

पेरूतल्या इंका ट्रेलवर, म्हणजे माचू पिचू या इंकांच्या प्राचीन शहराकडे नेणाऱ्या चार दिवसांच्या डोंगरवाटेवर, एजन्सी आणि परवानाधारक गाइडशिवाय जाताच येत नाही. त्यामुळे पैसे भरले की बरेच जण निर्धास्त होतात. तंबू त्यांचा, स्वयंपाकी त्यांचा, आपण फक्त चालायचं. पण ट्रेक फसतो तो बहुतेक वेळा आपल्याच हातून, आणि तोही वाटेला लागण्याआधी.

सुरुवात कागदांपासून. दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात आणि त्यात गाइड, स्वयंपाकी, पोर्टर सगळे आले. ट्रेकर्सच्या वाट्याला साधारण २०० जागा उरतात. मे ते सप्टेंबर या कोरड्या हंगामातल्या जागा कित्येक महिने आधी भरतात, फेब्रुवारीत ट्रेल बंदच असतो. तेव्हा ‘कुस्कोला (ट्रेकआधी जिथे उतरतात त्या शहरात) पोचल्यावर बघू’ हे इथे चालत नाही. परवाना पासपोर्ट नंबरावर निघतो. तो दुसऱ्याच्या नावावर होत नाही. मधल्या काळात पासपोर्ट नवा केला असेल तर एजन्सीला लगेच कळवा आणि जुना-नवा दोन्ही जवळ ठेवा. ट्रेक जिथून सुरू होतो त्या रेल्वेच्या ८२व्या किलोमीटरपाशी, पिस्काकुचोच्या नाक्यावर, आमच्या पुढच्या रांगेतल्या एक बाई फोनमधला पासपोर्टचा फोटो दाखवत होत्या. मूळ पासपोर्ट कुस्कोच्या हॉटेलातल्या तिजोरीत सुरक्षित होता. त्यांचा गाइड विनवण्या करत होता, नाक्यावरचा माणूस शांतपणे मान हलवत होता. त्यांची सॅक पुन्हा गाडीत चढताना पाहिली आणि फार वाईट वाटलं.

दुसरी चूक जास्त धोक्याची. कुस्को ३,४०० मीटरवर आहे. विमानातून उतरायचं, एक रात्र झोपायचं आणि सकाळी ट्रेकला निघायचं, असा बेत सुट्टी वाचवण्यासाठी केला जातो. करू नका. निदान दोन, जमल्यास तीन दिवस उंचीची सवय होण्यासाठी ठेवा. विमानतळावरून थेट खाली ओल्यान्तायताम्बो गावाला, म्हणजे २,८०० मीटरच्या आसपास, मुक्कामाला जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. ॲसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचं औषध घ्यायचं का, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. कोकाच्या पानांचा चहा प्यायला छान असतो, पण तो उपचार नव्हे.

डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं हे गाइडला पहिल्याच दिवशी सांगा. पुष्कळ जण ‘आपल्यामुळे ग्रुप अडायला नको’ म्हणून गप्प बसतात. पहिल्या दिवशी मागे फिरणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडली की ते फार अवघड होतं. चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर थांबायचं नाही, लगेच खाली उतरवायचं.

दुसऱ्या दिवशीची वार्मिवान्युस्का खिंड ४,२१५ मीटरवर आहे. सगळे तिच्याच धास्तीत असतात. तिथे उपाय एकच: सलग एक वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने चढा. कोणी पुढे गेलं तर जाऊ द्या. खरा त्रास मात्र उतरणीचा. खिंडीपलीकडे पकायमायोच्या मुक्कामापर्यंत सुमारे ६०० मीटर, आणि तिसऱ्या दिवशी पुयुपातामार्काच्या अवशेषांपासून विन्याय वायनाच्या शेवटच्या मुक्कामापर्यंत जवळजवळ १,००० मीटर उतरायचं असतं, तेही उंच-सखल दगडी पायऱ्यांवरून. तयारीत फक्त चढण्याचा सराव केलेल्यांचे गुडघे इथे बोलायला लागतात. घरी जिने उतरण्याचाही सराव करा. काठ्या दोन घ्या, टोकांना रबर लावलेलं असू द्या. उघडं लोखंडी टोक चालत नाही. नखं आधीच कापा. आणि खिंडीत दोन मिनिटं थांबून बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधा: टाच मागे दाबून बसवायची आणि घोट्यापाशी घट्ट आवळायची, म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. नवे कोरे बूट अर्थातच नकोत.

पोर्टरच्या ओझ्यावर २० किलोची कायदेशीर मर्यादा आहे आणि नाक्यावर वजन होतं, तेव्हा ‘असू दे, लागेल’ म्हणून भरलेले कपडे कुस्कोतच ठेवा. पोर्टर मागून झपाझप येतात. त्यांना वाट देताना नेहमी डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या नाही. सॅकचा धक्का लागायला क्षण पुरतो. त्यांच्या टिपसाठी सोल या पेरूच्या चलनातल्या सुट्ट्या नोटा आधीच काढा, वाटेत एटीएम नाही.

शेवटच्या पहाटे नाका उघडताच लोक इंतीपुंकूकडे, म्हणजे माचू पिचूच्या वरच्या ‘सूर्यद्वारा’कडे, अक्षरशः धावत सुटतात. वाट अरुंद आहे, एका बाजूला खोल दरी, आणि सकाळी माचू पिचू पुष्कळदा धुक्याआडच असतं. धावून काही मिळत नाही. माचू पिचूमागचं वायना पिचू शिखर चढायचं असेल तर त्याचं वेगळं तिकीट आधीच काढलेलं हवं.

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती आदल्या संध्याकाळची. मुक्कामापासून काही मिनिटांवर विन्याय वायनाचे अवशेष आहेत, आणि थकलेले लोक तंबूत पडून राहतात. आम्ही पाय ओढत गेलो. डोंगराच्या कुशीत वळत गेलेल्या हिरव्या पायऱ्या-पायऱ्यांची शेती, मधून एकाखाली एक दगडी कुंडांतून उतरणारं पाणी, ते अजून वाहतंय. आमच्याशिवाय तिथे दोनच माणसं होती.