सगळे रिपोर्ट काढले, तरी त्रास तसाच? या चुका टाळा

थकवा हटत नाही, अंग ठणकतं, मध्येच चक्कर येते, पोट फुगतं. महिना जातो, दोन जातात. घरातलं कोणीतरी म्हणतं, "एकदाच्या सगळ्या टेस्ट करून टाक." मोबाइलवर जाहिरात हजरच असते: नव्वद तपासण्यांचं पॅकेज, निम्मी किंमत, रक्त न्यायला माणूस घरी. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पानंच्या पानं पीडीएफ येते आणि त्यात तीन आकडे ठळक अक्षरांत. खरी फरफट तिथून सुरू होते, कारण त्या तीन आकड्यांचा तुमच्या चक्करेशी संबंध असेलच असं नाही.

प्रश्न न ठरवता रक्त देणं

नॉर्मल रेंज बहुतेक वेळा अशी ठरते: निरोगी लोकांचे आकडे घ्यायचे आणि मधले 95 टक्के ठेवायचे. म्हणजे धडधाकट माणसांतले 5 टक्के प्रत्येक तपासणीत रेंजबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा तरी आकडा बाहेर असण्याची शक्यता सुमारे 64 टक्के होते. नव्वदांचा हिशोब तुम्हीच करा.

पॅकेजात हौसेनं घातलेले ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरचा माग काढायला रक्तात बघितले जाणारे आकडे, तर माझ्या मते काढूनच टाकावेत. त्यातलं सीए-125 पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजारात), पोटाच्या टीबीतही वाढतं. सीईए हा दुसरा मार्कर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत मुळातच थोडं जास्त असतं. सांधेदुखीला सरसकट लिहिली जाणारी एएनए (शरीर स्वतःवरच उलटलंय का हे बघणारी तपासणी) 1:80 या पातळीला, म्हणजे रक्त 80 पट पातळ करूनही, सुमारे 13 टक्के निरोगी लोकांतही पॉझिटिव्ह आढळली आहे. चेहऱ्यावर पुरळ, सांध्यांना सूज, सकाळी तासभर आखडणं, असं काहीच नसताना ती केली की हाती लागते फक्त धास्ती.

चिठ्ठी हातात पडली की एवढंच विचारा: "डॉक्टर, ही पॉझिटिव्ह आली तर आपण काय करणार, आणि निगेटिव्ह आली तर काय?" दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर बहुधा ती तपासणी नाही केली तरी चालेल.

ताप हटत नाही, मग विडाल करा

विडाल टायफॉइडच्या अँटिबॉडी शोधते, आणि आपल्याकडे जुन्या संसर्गामुळेही त्या रक्तात असतात. एकाच विडालवर टायफॉइड ठरवणं म्हणूनच कच्चं. भरवशाची तपासणी ब्लड कल्चर, तीही अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी. टीबीचंही तसंच. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या किटवर भारत सरकारनं 2012 मध्येच बंदी घातली. आता टीबी गोल्ड ही वेगळी रक्ततपासणी केली जाते, पण शरीरात झोपून असलेला जंतू आणि प्रत्यक्ष आजार यांतला फरक तीही सांगत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

आदल्या आठवड्यात काय घेतलं ते लपवणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या गोळीची बाटली फिरवून बघा. बऱ्याच बाटल्यांवर 10,000 मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं. रोजची गरज 30 ते 40 मायक्रोग्रॅमची. हे जास्तीचं बायोटिन काही मशीनवरच्या थायरॉइड तपासणीत लुडबुड करतं: थायरॉइडला चालना देणारं टीएसएच खोटंच कमी, थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन टी-4 खोटंच जास्त. थायरॉइड ठणठणीत आणि रिपोर्ट मात्र थायरॉइड वाढल्याचा. अमेरिकेच्या एफडीएनं 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला होता, कारण हार्ट अटॅक ओळखण्याची ट्रोपोनिन तपासणीसुद्धा यानं चुकू शकते. थायरॉइडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस ही गोळी बंद ठेवा आणि लॅबमध्येही सांगा.

हातापायाला मुंग्या येतात म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बी-12 ची इंजेक्शनं घेतली आणि मग पातळी तपासली, तर आकडा भरभक्कमच येणार. मूळ कमतरता होती की नव्हती, हे नंतर सांगणं कठीण. शुगरची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची पँटोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-12 उतरू शकतं, म्हणून ती औषधंही सांगायला हवीत. गव्हाच्या ॲलर्जीची शंका आली की लोक आधी पोळी सोडतात आणि महिन्याभरानं सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) टीटीजी ही अँटिबॉडी तपासणी करतात. गहू बंद केला की अँटिबॉडी हळूहळू उतरतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. आधी तपासणी, मग पथ्य.

आणि ती पुडी. सांधेदुखीवर कोणीतरी दिलेली, दोन दिवसांत आराम पाडणारी. तिच्यात स्टिरॉइड असेल तर सूज दाखवणारे आकडेही खाली येतात. इथे ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

हिमोग्लोबिन ठीक म्हणजे रक्त ठीक

हिमोग्लोबिन 12.5 आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) 9, असा रिपोर्ट बायकांमध्ये सर्रास दिसतो. साठा संपलेला, पण हिमोग्लोबिन अजून तग धरून. थकवा आणि केस गळणं इथूनही असू शकतं. उलट अंगात सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन वाढतं आणि लोहाची कमतरता झाकली जाते.

सीबीसीत (रक्तपेशींच्या साध्या तपासणीत) एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, 65 इतका लहान आणि लाल पेशींची संख्या मात्र चांगली 58 लाख, असं दिसलं तर लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधी थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक सौम्य दोष) आहे का हे बघायला एचपीएलसी ही हिमोग्लोबिनची तपासणी करावी. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या घरात एखाद्याला लहानपणापासून हाडं-सांधे दुखण्याचे झटके येत असतील तर सिकलसेलची (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी आधी, वाताचं औषध नंतर.

स्कॅनमध्ये दिसलं तेच दुखतंय असं धरणं

पाठ मुळीच न दुखणाऱ्या पन्नाशीच्या लोकांचे एमआरआय बघितले तर सुमारे 60 टक्के जणांत डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी फुगलेली, सापडतो. त्यामुळे रिपोर्टात एल-4 एल-5 (कमरेचे शेवटचे दोन मणके) वाचून ऑपरेशनची तारीख घेऊ नये. पायात उतरणारी कळ त्याच शिरेची आहे का, हे डॉक्टरांनी पाय उचलून, ठोकून बघायला हवं. नाहीतर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

दक्षिण कोरियात गळ्याची सोनोग्राफी सरसकट होऊ लागली आणि 1993 च्या तुलनेत 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान 15 पट झालं. त्यानं होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. पोटाच्या एका सिटी स्कॅनमध्ये साधारण 8 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग असतो, निसर्गातून तीनेक वर्षांत मिळतो तेवढा. गरज असेल तर जरूर करावा, पण डॉक्टर बदलला म्हणून पुन्हा नको. जुनी सीडी न्या, नुसता कागद नको.

रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ

हे वाक्य घरचे बोलतात, कधीकधी डॉक्टरही. मायग्रेन आणि आयबीएस (आतड्याची पोटदुखी-जुलाब-बद्धकोष्ठतेची तक्रार) हे लक्षणं ऐकूनच ओळखायचे आजार. एंडोमेट्रिओसिसच्या बारीक गाठी साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. दिवसभर पेंग येणं आणि रात्री घोरणं याचं उत्तर रक्तात नाही, स्लीप स्टडीत (झोपेतला श्वास तपासण्यात) मिळतं. उभं राहिलं की धडधड आणि चक्कर येत असेल तर दहा मिनिटं पडून नाडी मोजा, मग आधाराजवळ उभं राहून दहा मिनिटं मोजत राहा. प्रौढ माणसात ती मिनिटाला 30 ठोक्यांनी वाढून तशीच राहिली तर पॉट्सचा (उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या विकाराचा) विचार व्हायला हवा. खर्च शून्य. बीपीच्या रामिप्रिल या गोळीनं काहींना महिनोन् महिने कोरडा खोकला येतो, आणि गोळी बदलण्याआधी छातीचा स्कॅन होऊन गेलेला असतो.

नव्या डॉक्टरांकडे जाताना एका पानावर लिहून न्या: त्रास कधी सुरू झाला, कशानं वाढतो, कशानं कमी होतो, त्याआधी कोणता ताप किंवा नवं औषध होतं. सोबत सगळ्या गोळ्यांची पिशवी आणि तारखेवार लावलेली फाइल. पुन्हा मोजायचा आकडा शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला मोजा, कारण टीएसएच दिवसभरातही बदलतं.

वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त, रात्री भिजवणारा घाम, गिळताना घास अडकणं, झोपेतून उठवणारं दुखणं यांपैकी काही असेल तर मागचे रिपोर्ट कितीही चांगले असोत, आठवड्याच्या आत डॉक्टरांना भेटा. छातीवर दाब येऊन घाम फुटला, तोंड वाकडं झालं किंवा अचानक एका बाजूची ताकद गेली, तर फाइल शोधत बसू नका. 108 ला फोन करा.